टिपणीस झुळूक

विन्या,

तू गेलास त्या दिवसापासून तेरा दिवस तुझ्या घरातला पंखा बंद होता. तुझ्या खोलीत दिवा लावलेला, तो विझू द्यायचा नाही, म्हणून पंखा नाही आणि खिडकीही घट्ट लावलेली. ऑक्टोबरचा उकाडा. शिवमंदिराजवळच्या तुझ्या त्या दुसऱ्या मजल्यावर भेटायला येणारा माणूस बसल्या बसल्या निथळायला लागायचा. मग रुमालाने तोंड पुसायचा, आणि तो घाम पुसतोय की डोळे, हे कुणालाच कळायचं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर कुठल्याही खोलीत पाय ठेवताच ‘इथे हवा कुठून येते?’ एवढंच विचारलं, त्याचाच दुखवटा अशा कोंदट खोलीत व्हावा!

चौथ्या दिवशी मी तिथे बसलो होतो. दिव्याची ज्योत एकसारखी दाराकडे झुकत होती. खिडकी बंद, पंखा बंद, तरी ज्योत झुकतेय. तुझी मावसबहीण माझ्या शेजारी हुंदके देत होती आणि मी वाकून वाकून बघत होतो की बाथरूमच्या एक्झॉस्टच्या भोकातून हवा येतेय का. तिथूनच येत होती. तुला सांगायला म्हणून मी मान वळवली, तर तू खुर्चीवर, फोटोत, हारासकट. मग मात्र मलाही रुमाल काढावा लागला.

तिथेच आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या अध्यक्षांनी मला गाठलं. म्हणाले, ‘टिपणीस, विनायकरावांची ती वाऱ्याची वही आपण छापू या. छोटीशी पुस्तिका. प्रस्तावना तुम्ही लिहायची. तुम्ही त्यांचे सहसंशोधक.’

सहसंशोधक हा शब्द ऐकून त्या उकाड्यात माझे हातपाय गार पडले. त्या वहीतला निम्मा मजकूर माझ्या लबाडीवर उभा आहे, हे मला ठाऊक होतं आणि मी तुला ते कधीच सांगितलं नव्हतं. आता ती लबाडी छापली जाणार, तुझ्या नावावर, तुझ्या फोटोखाली, आणि प्रस्तावना माझी. तेराव्यापर्यंत मी नीट जेवलो नाही. वहिनींना वाटलं, तुझ्या दुःखाने. ते होतंच रे, पण सगळं तेच नव्हतं.

आपल्या वाऱ्यावरच्या भांडणाचं मूळ कारखान्यात आहे. अंबरनाथच्या त्या रंगाच्या कारखान्यात मी सेफ्टीला आणि तू ब्लोअर, डक्ट आणि धुराड्यांवर. माझ्या ऑफिसच्या छतावर विंडसॉक होता. वायू गळला तर पळायचं कुठे ते सांगणारी ती नारिंगी-पांढरी कापडी नळी मी तीस वर्षं पाहिली. ती डावीकडे उडायची, उजवीकडे उडायची, पण कधी खाली उडाली नाही. त्यामुळे वारा आडवाच येतो, हे माझं ठाम मत. तू मात्र धुराड्याकडे बघायचास. सरळ वर चाललेला धूर एकाएकी खाली लोळत यायचा आणि कॅन्टीनमध्ये लोक खोकायला लागायचे. त्यामुळे वारा वरून पडतो, हे तुझं ठाम मत. दोघांनीही आपापल्या खिडकीतून दिसलं तेवढ्यावर आयुष्य काढलं आणि दोघंही रिटायर झालो तरी हट्ट रिटायर झाला नाही.

मग तू वांगणीला डोंगराच्या पायथ्याशी तो जमिनीचा तुकडा घेतलास. मागून सरळ जंगलच सुरू होतं. मधोमध जुना रायवळ आंबा, भोवती ऐन, किंजळ, जांभूळ. घर बांधायचं तर झाडं तोडावी लागणार म्हणून तू घर बांधलंच नाहीस. आंब्यावर मचाण बांधलंस. वहिनी सगळ्यांना सांगायच्या, ‘लोकांच्या बायका फार्महाऊसवर जातात, मी मचाणाखाली चटईवर बसते, आणि वरून यांच्या चपला पडतात.’

मी काही तिकडे फिरकत नव्हतो. तेव्हा मी कुठेच फिरकत नव्हतो. नीला गेली आणि संसार आटोपल्यासारखा मी दार लावून बसलो. दूध आणि पेपर घ्यायला उघडायचो तेवढंच. मुलगी बंगळुरूहून रोज फोन करायची, मी ‘बरा आहे’ म्हणायचो आणि टीव्हीचा आवाज वाढवायचो. सांत्वनाला येणाऱ्यांनी ‘धीर धरा’ म्हटलं की मला त्यांना जिन्यापर्यंत पोचवून यावंसं वाटायचं. तू आलास तो धीर वगैरे काही न बोलता. खोलीत उभा राहिलास, नाक वर केलंस आणि म्हणालास, ‘टिप्या, इथली हवा महिनाभर हललेली नाही. चल, उल्हासनगरला जायचंय. रिबिनी घ्यायच्यात.’

मी म्हटलं, ‘मी येत नाही.’

तू म्हणालास, ‘येऊ नकोस. म्हणजे वारा वरून येतो हे तुला कबूल आहे, असं मी संघात सांगतो.’

मी शर्ट चढवला.

उल्हासनगरच्या त्या रिबिनवाल्या सिंधी शेटजींना तू विचारलंस, सगळ्यात हलकी रिबिन कुठली. ते म्हणाले, ‘शादी है, साईं?’ तू म्हणालास, ‘नहीं, हवा देखनी है.’ दुसऱ्या कुणी आपल्याला हाकललं असतं. त्या गृहस्थांनी गल्ला सोडला. सॅटिन काढली, तिच्यावर फुंकर मारली, मान हलवून बाजूला टाकली. दुसरी काढली, फुंकली. ‘ये देखो साईं, ऑर्गेंझा. इसको साँस भी लगी तो उड़ेगी.’ मग त्यांनी नोकराला फुंकायला लावलं, शेजारच्या दुकानदाराला बोलावून फुंकायला लावलं. भर बाजारात पाच मोठी माणसं गाल फुगवून रिबिनींवर फुंकर मारत उभी होती. आणि विन्या, मी हसलो. नीला गेल्यानंतर पहिल्यांदा. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस, पिवळी आणि लाल दोन्ही गुंडाळायला सांगितलीस.

प्रयोग तू मला स्कूटरवरच समजावलास. पिवळी रिबिन आंब्याच्या शेंड्याजवळ, लाल खाली माझ्या डोक्याएवढ्या उंचीवर. तू मचाणावर, मी खाली स्टुलावर. पिवळी हलली की तू ओरडायचं ‘वर!’, लाल हलली की मी ओरडायचं ‘खाली!’ वर आधी आलं तर तू जिंकलास, खाली आधी आलं तर मी. तुझ्या मांडीवर वही आणि घड्याळ. ‘वरून मला फक्त पानंच पानं दिसतात,’ तू म्हणालास, ‘म्हणून खाली विश्वासू माणूस पाहिजे. गुडघे दुखत असले तरी चालेल.’

झाडाखालची हवा किती थांबलेली असते हे मला त्या रविवारी कळलं. शेंडे वर उन्हात डोलतायत, आवाज येतोय, आणि खाली लाल रिबिन मेल्यासारखी लोंबतेय. तू वरून व्याख्यान द्यायचास. वरची पानं उन्हाने तापतात आणि वाऱ्याला अडवून धरतात, खालची गार हवा जागची उठत नाही, दोन मजल्यांवर दोन भाडेकरू राहावेत तसं त्यांचं एकमेकांशी बोलणं नसतं. वरचा वारा शेंड्यांवरून घसरत जातो, मध्येच अडखळतो, कोलांटी खातो आणि फटीतून खाली पडतो. मग जरा वेळ सगळं हलतं आणि पुन्हा गप्प. ‘वर!’ तू ओरडायचास. मी चार-पाच आकडे मोजेपर्यंत लाल रिबिन हलायची. ‘खाली,’ मी पुटपुटायचो.

पहिले चारही रविवार तू जिंकलास. परतताना चिखलोलीच्या टॉवरपाशी स्कूटर थांबवून, इथेही वारा भिंतीवरून कसा खाली पडतो ते तू मला दाखवायचास, तेही तिथल्या वॉचमनला साक्षीला घेऊन. माझ्याच्याने ते सहन झालं नाही.

तर ऐक. पाचव्या रविवारी पाऊण तास काहीच हललं नव्हतं. मी थर्मासमधून चहा ओतला, लाल रिबिनीकडे बघितलं, ती जागच्या जागी होती, आणि मी खणखणीत आवाजात ओरडलो, ‘खाली!’

वरून तू म्हणालास, ‘नक्की?’

‘नक्की. चांगली फडफडली.’

‘कुठल्या बाजूने?’

‘ओढ्याकडून. आडवी.’

‘लिहितो,’ तू म्हणालास.

इतकं सोपं होतं ते. त्यानंतर मी दर रविवारी तीन-चार ‘खाली’ फुकटच्या मारायचो. जास्त नाही, तुला संशय येऊ नये इतपत. कधी जोरात, कधी जरा साशंक आवाजात, ‘खाली... हो, खालीच.’ सबंध आठवडा मी विचार करायचो, या रविवारी कुठल्या बाजूने आणावी. शनिवारी दाढी करताना शीळ घालायला लागलो. मुलीने फोनवर विचारलं, ‘बाबा, आवाज बरा वाटतोय, काय झालं?’ मी म्हटलं, ‘संशोधन चालू आहे.’

पलीकडच्या शेतातले धर्मा पाटील मात्र बेचैन होते. एकदा ते कुंपणापाशी येऊन म्हणाले, ‘काय वं शेट, सकालधरनं वर-खाली, वर-खाली वरडताव. झाराव कोन हाय का?’

मी म्हटलं, ‘आमचे मित्र आहेत.’

‘ते दिसतंय. दुसरा कोन हाय का?’

तू वरून ओरडलास, ‘वारा शोधतोय, पाटील!’

‘आरं, तो तं सगलीकरं हाय,’ असं म्हणून ते गेले. पुढच्या रविवारी त्यांच्या बायकोने झाडाच्या बुंध्याशी नारळ ठेवला होता. तो आपण फोडून खाल्ला, आणि तेव्हा मी खोबरं चावत एक खोटी ‘खाली’ ओरडलो होतो. तेवढी एक मला अजून बोचते.

आणि मग ते व्याख्यान. संघाच्या सभागृहात फळ्यावर झाड काढून तू उभा. मी पहिल्या रांगेत. तू सगळं सांगितलंस, वारा शेंड्यांवरून कसा उतरतो, संध्याकाळी गार हवा डोंगरावरून बुंध्यांमधून पाण्यासारखी कशी ओघळते. शेवटी खडू ठेवलास आणि म्हणालास, ‘पण निरीक्षणांत आम्हाला एक अपवाद सापडला. कधीकधी वर काहीही नसताना एक झुळूक जमिनीलगतच उगवते. हिचं वैशिष्ट्य असं, की हिने पान हलत नाही, गवत हलत नाही, मुंगीलाही पत्ता लागत नाही. ही फक्त चहाच्या वेळेला येते. माझे सहकारी सोडून ती आजवर कोणाला जाणवलेली नाही, म्हणून मी तिला टिपणीस झुळूक असं नाव दिलं आहे.’

टाळ्या पडल्या. मला उभं केलं गेलं. मी हात जोडले. आणि घरी येऊन मला रडू फुटलं, कारण माझ्या खोटेपणाने तुला असा काही खुळा सिद्धांत मांडायला लावला होता, आणि तू बिचारा तो इतक्या विश्वासाने मांडत होतास. किती मूर्ख असतो माणूस! हे मी तेव्हा तुझ्याबद्दल म्हटलं होतं.

सांगणार होतो रे. खरंच. तुला आठवत असेल, ऊन उतरलं की तू मचाणावरून खाली यायचास आणि आपण जमिनीवर पाय पसरून बसायचो. मग ती गार हवा यायची, डोंगराकडून, आधी घोट्यांना लागायची. ‘आली?’ तू विचारायचास. ‘आली,’ मी म्हणायचो. त्या हवेवर आपलं कधी भांडण झालं नाही. मग ती हळूहळू गुडघ्यापर्यंत चढायची. एकदा मी म्हटलं, ‘विन्या, तुला एक सांगायचंय.’ तू म्हणालास, ‘नीलाबद्दल?’ मी म्हटलं, ‘नाही.’ ‘मग राहू दे,’ तू म्हणालास, ‘पुढच्या रविवारी सांग.’ पण त्या दिवशी मी नीलाबद्दलच बोललो. तिच्या शेवटच्या महिन्याबद्दल, जे मी मुलीलाही सांगितलं नव्हतं. झुळुकीचं राहून गेलं आणि मग पुढचे सगळे रविवार राहूनच गेलं.

परवा, तेरावं झाल्यावरच्या पहिल्या रविवारी, वहिनींनी तुझी वही माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, ‘भावजी, मला त्या मचाणाशी घेऊन चला. घरात आता पंखा लागलाय, तरी जीव घुसमटतो.’

वांगणीला पोचलो. रिबिनी होत्या तशाच. वहिनी स्टुलावर बसल्या. मी शिडीखाली उभा राहून वही चाळत होतो, तुझ्याजवळ कबुली द्यायची तर कुठल्या पानावर, ते शोधत. तेव्हा मला दिसलं की ‘खाली’ या काही नोंदींपुढे तू ‘टि.’ लिहिलं आहेस. निरीक्षकाचं नाव लिहिलं असेल, असं मला वाटलं. पण निरीक्षक तर दर वेळी मीच होतो. मग काहींपुढेच का?

मी शिडीला हात लावला. वहिनी किंचाळल्याच, ‘अहो, एक गेलेत तेवढे पुरे!’ मी चढलो. तुझा तो आंबा तीन वर्षांत मी पहिल्यांदा चढलो, प्रत्येक पायरीला तुला एक एक शिवी देत. वर पोचलो, तुझ्या जागी मांडी घातली, धापा टाकत खाली बघितलं. आणि पानंच पानं दिसली नाहीत.

समोर खिडकी होती. ताटाएवढी. पाच-सहा डहाळ्या कात्रीने नीट छाटून काढलेल्या, आणि छाटलेली टोकं जुनी, सालीने भरून आलेली. तीन वर्षांपूर्वीची. त्या खिडकीतून स्टूल दिसत होतं, वहिनी दिसत होत्या, थर्मास दिसत होता. आणि लाल रिबिन दिसत होती, इतकी स्वच्छ की तिची गाठसुद्धा ओळखू यावी.

तू बघत होतास. पहिल्या दिवसापासून. पाचव्या रविवारी मी चहा ओतला, रिबिनीकडे बघितलं आणि खोटं ओरडलो, ते सगळं तू वरून बघितलंस आणि विचारलंस, ‘कुठल्या बाजूने?’ मी वही उघडली. ‘टि.’ लिहिलेल्या सगळ्या माझ्या फुकटच्या. बाकीच्या नोंदी खऱ्या, आणि प्रत्येकीत वर आधी. तुझी वही स्वच्छ आहे, विन्या. खुशाल छापू दे. आणि ती टिपणीस झुळूक, जिच्यासाठी मी भरसभेत हात जोडून उभा राहिलो! लबाडा, तू मला सबंध संघासमोर पकडलं होतंस आणि मी आभार मानले.

मी त्या मचाणावर एकटाच इतका हसलो की वहिनी घाबरून उभ्या राहिल्या. आणि हसता हसताच दुसरी गोष्ट लक्षात आली, तेव्हा हसू थांबलं. तुला वरून दोन्ही रिबिनी दिसत होत्या. पिवळीही आणि लालही. घड्याळ तुझ्याकडे, वही तुझ्याकडे. या प्रयोगाला खाली माणूस लागतच नव्हता.

मी तिथे किती वेळ बसलो कोण जाणे. मग डोंगराकडून तो आवाज आला, आधी ऐनांच्या शेंड्यांवर, मग किंजळावर, मग अगदी जवळ. पिवळी रिबिन ताठ उडाली. मी जीव खाऊन ओरडलो, ‘वर!’

‘काय झालं?’ वहिनी म्हणाल्या.

मी खिडकीतून बघत राहिलो. एक, दोन, तीन, चार. आंब्याची मधली पानं सळसळली आणि लाल रिबिन वहिनींच्या कानाशी उचलली गेली. त्यांनी पदर सावरला. तेरा दिवस बंद खोलीत बसलेल्या त्या बाईने डोळे मिटून तोंड वर केलं.

‘आली हो भावजी,’ त्या म्हणाल्या. ‘इथे खाली आली.’

वरून आली, विन्या. आडवी नाही. तू जिंकलास. हे मी मोठ्याने म्हटलं, आणि धर्मा पाटलांनी शेतातून मान वर केली.

उतरायला मला चढण्याच्या दुप्पट वेळ लागला. वहिनी शिडी धरून उभ्या होत्या, गुडघ्यांवरून बोलत होत्या, तुझ्यावरून बोलत होत्या, तुझ्या चपला त्यांच्या डोक्यात कशा पडायच्या ते सांगत होत्या. मग स्टूल आवरता आवरता थांबल्या. म्हणाल्या, ‘पुढच्या रविवारी तुम्ही येणार असाल तर... म्हणजे, तुम्ही वर बसणार असाल तर खाली कुणीतरी लागेल ना?’

मी एकदा त्या छाटलेल्या खिडकीकडे बघितलं. खालून ती दिसत नाही.

‘लागेल तर,’ मी म्हटलं. ‘वरून फक्त पानंच पानं दिसतात, वहिनी.’